पफर खात नाही? आधी त्याचे दात बघा
आमच्या जळगाव-भुसावळकडे मासे पाळणाऱ्यांत एक समज पक्का बसलाय: पफरने (अंग फुगवणाऱ्या माशाने) खाणं सोडलं की टाकीत मूठभर मीठ आणि निळं औषध टाकायचं. हे चूक आहे. पफरचे चारही दात मिळून चोचीसारखे दिसतात आणि आयुष्यभर वाढत राहतात. नुसतं मऊ खाणं दिलं तर ते झिजत नाहीत, वाढून तोंड अडवतात आणि मासा उपाशी मरतो. माझा पफर गोगलगायीपाशी यायचा, चोच लावायचा, मागे सरायचा. भूक होती, तोंडच उघडत नव्हतं. वाढलेले दात जाणकार पशुवैद्याकडून भूल देऊन कापून घ्या. पुढे कवचासकट छोट्या गोगलगायी द्या. दात ठीक असतील तर पाणी तपासा, अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारी विषारी द्रव्यं) 0 हवं. मे महिन्यात आपल्याकडे पाणी तापून त्यातला प्राणवायू घटतो, तेव्हा हवेचा पंप चालूच ठेवा.