धर्मांतरबंदी कायदे आणि १९७७चा निकाल : पार्श्वभूमी

घरात भरलेली प्रार्थनासभा, दारात जमलेला जमाव, मागोमाग पोलिस आणि शेवटी चर्चच्या पाळकावरच गुन्हा. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, छत्तीसगडमधून अशा बातम्या गेली काही वर्षे सतत येत आहेत. सुवार्तावादी (इव्हँजेलिकल) ख्रिस्ती, म्हणजे येशूची ‘सुवार्ता’ इतरांना सांगणे हे कर्तव्य मानणारे प्रोटेस्टंट, याला छळ म्हणतात, धर्मांतरबंदी कायद्याचे समर्थक याला आदिवासी आणि दलितांचे संरक्षण म्हणतात. दोघांच्याही बोलण्यात सर्वोच्च न्यायालयाचा १९७७चा स्टॅनिस्लॉस खटल्यातला निकाल हमखास येतो. त्यात काय ठरले हे जेवढे सांगितले जाते, त्याच्या निम्म्यानेही त्यात काय ठरलेच नाही हे सांगितले जात नाही.

१८१३ नंतरचे मिशनरी, अहमदनगर, ‘ज्ञानोदय’, केडगावची मुक्ती मिशन हे सारे मराठी वाचकाला ठाऊक आहे. कायद्याची गोष्ट मात्र संस्थानांत सुरू होते. रायगढ संस्थानाने (कोकणातल्या रायगडाशी याचा संबंध नाही, हे छत्तीसगडमधले) १९३६ साली धर्मांतराचा कायदा केला आणि आसपासच्या काही संस्थानांनीही तोच मार्ग धरला. ब्रिटिश मुलखात असा कायदा नव्हता.

डिसेंबर १९४८मध्ये संविधान सभेत आजच्या २५व्या, म्हणजे धर्मस्वातंत्र्याच्या अनुच्छेदावर चर्चा झाली. धर्म मानण्याचा आणि आचरण्याचा हक्क कोणाला फारसा खुपला नाही. ‘प्रसार’ हा शब्द मात्र काही सदस्यांना काढून टाकायचा होता. मुंबईत वकिली केलेल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी तेव्हा सभागृहाला बजावले, की ख्रिस्ती समाजाने याच शब्दावर सर्वाधिक भर दिला आहे, कारण प्रसार हा त्यांच्या श्रद्धेचाच भाग आहे. शब्द राहिला. सुवार्तावादी मंडळींच्या दृष्टीने हा करार होता: धर्मानुसार वेगळे मतदारसंघ सोडले, त्या बदल्यात सुवार्ता सांगण्याची मोकळीक मिळाली.

पुढचा अंक नागपूरचा, कारण तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. तिथल्या काँग्रेस सरकारने १९५४ साली नागपूर उच्च न्यायालयाच्या निवृत्त मुख्य न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कामाच्या चौकशीची समिती नेमली. १९५६चा तिचा अहवाल कडक होता. शाळा, दवाखाने, कर्जाऊ पैसे, परदेशी निधी यांच्या जोरावर आदिवासी भागात धर्मांतरे होतात, आणि धर्मांतर हेच ज्यांचे मुख्य काम आहे अशा मिशनऱ्यांना परत जायला सांगावे, असे त्यात म्हटले होते. परदेशी पैशाबद्दलचे सगळेच आक्षेप हवेतले नव्हते, हे ख्रिस्ती बाजूनेही मान्य करायला हवे. पण एक योगायोग फारसा बोलला जात नाही. त्याच नागपुरात, त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला लाखोंनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यासाठी कोणी जिल्हाधिकाऱ्याला आगाऊ नोटीस दिली नव्हती. आज उत्तर प्रदेशच्या कायद्यात तशी नोटीस लागते आणि दोन माणसांनी एकत्र धर्म बदलला तरी ते ‘सामूहिक धर्मांतर’ ठरते.

समितीच्या शिफारशी लगेच कायद्यात आल्या नाहीत. ओरिसाने १९६७ साली आणि मध्य प्रदेशाने १९६८ साली कायदा केला, दोन्ही बिगर-काँग्रेस सरकारांच्या काळात. बळ, फसवणूक किंवा प्रलोभन यांनी धर्मांतर घडवणे हा गुन्हा झाला. ओरिसात शिक्षा कमाल एक वर्षाची होती. स्त्रिया, अल्पवयीन आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत दोन वर्षांची. ‘बळ’ या व्याख्येत ईश्वरी कोपाची धमकीही धरली होती. पाप, न्यायनिवाडा आणि तारण यांवाचून सुवार्ता कशी सांगायची, हा पाळकांचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

दोन्ही कायदे कोर्टात गेले आणि दोन वेगळी उत्तरे मिळाली. ओरिसा उच्च न्यायालयाने १९७२ साली कायदा रद्द केला. बळ आणि फसवणूक यांच्या व्याख्या त्याला चालल्या, अगदी ईश्वरी कोपासकट. पण प्रलोभनाची व्याख्या इतकी सैल आहे की प्रचाराची साधी कामेही तिच्यात सापडतील, असे त्याने म्हटले. शिवाय असा कायदा करण्याचा अधिकारच राज्य विधिमंडळाला नाही, असेही ठरवले. मध्य प्रदेशात बलौदाबाजारच्या अधिकाऱ्याने स्टॅनिस्लॉस नावाच्या धर्मगुरूंवर खटला भरायला मंजुरी दिली होती. ते कॅथलिक, म्हणजे सुवार्तावादी प्रवाहातले नव्हेत. १९७४ साली तिथल्या उच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला.

१७ जानेवारी १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी दोन्ही राज्यांतली अपिले एकत्र निकाली काढली. हाच स्टॅनिस्लॉस खटला. आणीबाणी चालू होती. लोकसभा निवडणुकीची घोषणा दुसऱ्या दिवशी झाली. निकाल देणारे सरन्यायाधीश १९७३ साली ज्येष्ठता डावलून नेमलेले होते आणि अकरा दिवसांत निवृत्त होणार होते. यामुळे निकाल कायद्याने लंगडा होत नाही, पण त्याच्याविषयी बोलताना हा काळ गाळला जातो.

न्यायालय म्हणाले, प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे. दुसऱ्याला आपल्या धर्मात आणण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही. तसा हक्क मानला तर समोरच्याच्या सद्‌सद्‌विवेकाच्या स्वातंत्र्यावर घाला येईल. आधार घेतला तो मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्यावरच्या १९५४च्या निकालाचा. तो खटला जैन देवस्थानांच्या व्यवस्थापनाबद्दल होता, धर्मांतराचा प्रश्न तिथे नव्हताच. राज्याच्या अधिकाराचा मुद्दा संविधानाच्या राज्यसूचीतल्या ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ या नोंदीखाली मिटवला. महाराष्ट्राचे महाधिवक्ता राहिलेल्या एका घटनापंडितांनी हा निकाल सरळ चुकीचा ठरवला. त्यांचा युक्तिवाद साधा होता: समजावून सांगितल्यावर ऐकणारा आपणहून धर्म बदलतो, तेव्हा तो स्वतःचे स्वातंत्र्यच वापरत असतो.

खरी गोम मात्र पुढे आहे. ओरिसा न्यायालयाने ज्यावर बोट ठेवले होते त्या प्रलोभनाच्या सैल व्याख्येला १९७७च्या निकालाने हातच लावला नाही. तपासले दोनच मुद्दे: २५व्या अनुच्छेदाचा भंग होतो का आणि राज्याला अधिकार आहे का. प्रलोभन म्हणजे नेमके काय, हे उत्तराविना राहिले आणि नंतरच्या प्रत्येक विधिमंडळाने ती जागा आपापल्या परीने भरली. उत्तर प्रदेशाच्या व्याख्येत नामवंत शाळेतले मोफत शिक्षण आणि चांगल्या जीवनशैलीचे आश्वासनही आले.

१९९८च्या नाताळात नाशिकला लागून असलेल्या गुजरातमधल्या डांगमध्ये चर्चची जाळपोळ झाली आणि पंतप्रधानांनी तिथे जाऊन धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चा हवी असे सांगितले. घाव ज्याच्यावर, चौकशीही त्याचीच, असे पाळकांना वाटले. दुसऱ्या बाजूला १९९९च्या दिवाळीत अमेरिकेतल्या एका मोठ्या सुवार्तावादी संप्रदायाने हिंदूंना अंधारात चाचपडणारे म्हणणारी प्रार्थना-पुस्तिका काढली. इथल्या ख्रिस्ती मंडळ्यांना तिची किंमत मोजावी लागली. प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या चंगाई सभांना ‘क्रूसेड’ (धर्मयुद्ध) म्हणण्याची सवयही त्यातलीच.

मग कायद्यांची रांग लागली. गुजरात २००३. हिमाचल २००६, तोही काँग्रेसचा. त्यातले धर्म बदलण्याआधी सूचना देण्याचे कलम एका सुवार्तावादी संघटनेच्या याचिकेवर तिथल्या उच्च न्यायालयाने २०१२ साली रद्द केले. झारखंड, उत्तराखंड, उत्तर प्रदेश, हरियाणा, कर्नाटक त्यामागून आले. उत्तर प्रदेशात धर्म बदलणाऱ्याने ६० दिवस आधी कळवायचे आणि २०२४च्या दुरुस्तीनंतर काही गुन्ह्यांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. त्याच दुरुस्तीने तक्रार कोणीही करू शकतो असे केले. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२५मध्ये पोलिस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली अशा कायद्याच्या अभ्यासासाठी समिती नेमली.

फत्तेपूरच्या एका चर्चमधल्या २०२२च्या पवित्र गुरुवारच्या (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाच्या) उपासनेवरून दाखल झालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये अनेक गुन्हे रद्द केले. दुरुस्तीपूर्वीच्या कायद्यात त्रयस्थाला तक्रारीचा अधिकार नव्हता, हे त्यातले एक मोठे कारण. नव्या कायद्यांना थेट आव्हान देणाऱ्या याचिका वेगळ्या आहेत. त्यांत २०१७चा खासगीपणाचा नऊ न्यायमूर्तींचा निकाल पुढे केला जातो, कारण १९७७चा निकाल पाच न्यायमूर्तींचा आहे आणि तो फिरवायचा तर त्याहून मोठे घटनापीठ बसवावे लागेल.