समोर रूळच नाही

डबा जेमतेम दोघांचा. गुडघे पुढच्या पत्र्याला टेकलेले, खांदा शेजाऱ्याच्या खांद्याला घासतोय, मांडीवर लोखंडी दांडा. साखळी कडकड करत डबा वर नेऊन सोडते आणि तो सपाट रुळावरून निघतो. वेग सायकलइतकाच. पुढे रूळ उजवीकडे वळतो, डबा मात्र वळत नाही. त्याचं नाक सरळ मोकळ्या हवेत घुसतं, समोर रूळच नाही, खाली थेट जमीन. पोटात गोळा येतो आणि त्याच क्षणी एका हिसक्यात सगळं उजवीकडे फिरतं.

हा ‘वाइल्ड माउस’, म्हणजे करमणुकीच्या बागेतला रुळांवरून धावणारा छोटा रोलर कोस्टर. १९५०च्या दशकात हा प्रकार लोकप्रिय झाला. सिडनीच्या लुना पार्क या करमणुकीच्या बागेतला लाकडी वाइल्ड माउस १९६०च्या दशकाच्या सुरुवातीचा आहे. महाकाय रोलर कोस्टरचं कौतुक सगळीकडे होतं आणि या चिमुकल्यांना लोक पोरखेळ समजतात. मला ते मनापासून खटकतं, कारण अंगावर येणाऱ्या बळाच्या हिशेबात हे छोटे कोस्टर मोठ्यांच्या तोडीस तोड असतात.

हिशेब सोपा आहे. वळणावर आपल्याला बाजूला ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाला वळणाच्या त्रिज्येने भागून निघतो. समजा, छोट्या डब्याचा वेग सेकंदाला ६ मीटर आहे, म्हणजे ताशी २२ किलोमीटरच्या आसपास, आणि वळणाची त्रिज्या अडीच मीटर. ३६ भागिले अडीच, म्हणजे १४.४. हे गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास दीडपट झालं. आता ताशी १३० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ३६ मीटरने धावणारा मोठा कोस्टर घ्या. त्याच्या वळणाची त्रिज्या ९० मीटर असेल, तर उत्तर पुन्हा १४.४ येतं. वेग सहापट, तरी जोर तेवढाच! मोठ्याने वेगात जे कमावलं, ते छोट्याने त्रिज्या आखडून वसूल केलं.

जोर सारखा असला तरी अनुभव सारखा नसतो. मोठा कोस्टर असं अर्धं वर्तुळ फिरायला आठ सेकंद घेतो, छोटा सव्वा सेकंदात मोकळा होतो. आपल्या आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं फिरलं की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला फिरणं कळतं. छोट्या कोस्टरवर हे फिरणं सहापट वेगाचं असतं, शिवाय ते क्षणात सुरू होऊन क्षणात थांबतं. प्रवेगात असा झपाट्याने होणारा बदल, म्हणजेच हिसका, शरीराला फार बोचतो.

त्यात मोठ्या कोस्टरचा रूळ वळणावर कललेला असतो. त्यामुळे जोर बराचसा बैठकीच्या दिशेने, पाठीच्या कण्यातून खाली जातो, आणि तसा भार सोसायला आपलं शरीर सरावलेलं आहे. वाइल्ड माउसचं वळण मुद्दाम सपाट ठेवतात. साडेचार-पाच किलोंचं डोकं सात किलोंच्या ओढीने बाजूला कलतं आणि मानेला ते सावरावं लागतं. उतरल्यावर मान चोळत जाणारे लोक दिसतात, ते यामुळेच.

आणि ते हवेत घुसणारं नाक? चाकांची जागा हीच त्यातली युक्ती. पुढची चाकं डब्याच्या टोकाशी न बसवता बरीच मागे बसवतात. चाक वळणापाशी पोचेपर्यंत प्रवासी वळणाच्या बाहेर गेलेला असतो. समोर आधार नाही असं डोळे सांगतात, कान सांगतात की अजून सरळच चाललोय, आणि मेंदू त्यातून एकच अर्थ काढतो, आपण पडतोय. इतक्या साध्या फेरफाराने इतका मोठा परिणाम साधणाऱ्या कारागिराला मी दाद देतो.

जवळून जाणाऱ्या खांबांचाही यात वाटा आहे. एक मीटरवरचा खांब ताशी २२ किलोमीटर वेगातही नजरेसमोरून ज्या झपाट्याने सरकतो, तेवढा झपाटा दहा मीटरवरच्या खांबाला ताशी १३० किलोमीटर वेगातही येत नाही. म्हणून दाटीवाटीच्या सांगाड्यातून जाताना वेग आहे त्याहून कितीतरी जास्त भासतो.

राहिला अडचणीत बसण्याचा प्रश्न. अंग चोरून बसावं लागतं ही तक्रार नेहमीची, पण ती अडचण उपकारकच आहे. समजा, बाकावर बाजूला २० सेंटिमीटर मोकळी जागा आहे. घर्षण सोडून दिलं, तर वळणावर घसरत जाऊन डब्याच्या भिंतीवर आदळताना आपला वेग सेकंदाला २.४ मीटर असेल. तीच फट २ सेंटिमीटर ठेवली, तर पाऊण मीटरच. अंगाला वेग घ्यायला जागाच मिळाली नाही की मार कमी बसतो.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एलिसबर्ग इथे क्नोबेल्स या करमणुकीच्या बागेत ‘फ्लाइंग टर्न्स’ नावाचा कोस्टर आहे. त्याचं बांधकाम २००६ मध्ये सुरू झालं आणि तो खुला व्हायला २०१३ उजाडलं. इथे वळणांवर रूळच नाहीत. लाकडी पन्हाळीतून डबा गडगडत जातो आणि वेग वाढला की आपसूक भिंतीवर चढतो. वळणाचा कल आधी ठरवलेला नसून डबाच तो शोधतो. म्हणूनच इथे वजनाला फार महत्त्व आहे. घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढतं, हवेचा विरोध तसा वाढत नाही, त्यामुळे जड डबा थोडा जास्त पळतो आणि भिंतीवर जास्त वर जातो. बसण्याआधी तिथे प्रवाशांचं वजन करतात, एका डब्याला ४०० पौंडांची मर्यादा आहे.

याच राज्यात अल्टूनाला १९०२ चा ‘लीप द डिप्स’ आहे, आज उभ्या असलेल्या रोलर कोस्टरांमधला सर्वांत जुना. उंची ४१ फूट, सर्वांत मोठा उतार ९ फुटांचा. डबा रुळाला खालून धरून ठेवणारी चाकं त्याला नाहीतच. मग चढाच्या माथ्यावर डबा उडून का जात नाही? वेग सेकंदाला ५ मीटर असेल, तर माथ्याच्या गोलाईची त्रिज्या अडीच मीटरहून थोडी जास्त ठेवली की गुरुत्वाकर्षण डब्याला खाली दाबून धरतं. कोस्टर बांधणाऱ्या जॉन मिलर यांनी १९१९ मध्ये रुळाखालच्या चाकांचं पेटंट घेतलं आणि वेग-गोलाईची ही मर्यादा सुटली. पुढचे सगळे अजस्र कोस्टर त्या चाकांच्या जिवावर उभे आहेत.

गोल टबात बसून गरगरत उतरण्याची कल्पनाही जुनीच. हेन्री एल्मर रील यांचा ‘व्हर्जिनिया रील’ १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला आला. मोकळा फिरणारा डबा कधी कुठे वळेल हे सांगणं कठीण, कारण बसलेल्यांपैकी एक जण बोटभर सरकून बसला तरी पुढचं गणित बदलतं. टिल्ट-अ-व्हर्ल हा १९२६ चा पाळणा असाच मोकळा फिरतो. त्याच्या समीकरणांमध्ये केऑस म्हणजे बेबंद गती लपलेली असल्याचं १९९४ मध्ये दोन भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. सलग दोन फेऱ्या मारल्या, तरी दुसरी पहिलीसारखी होत नाही.

वाइल्ड माउसवर बसाल तेव्हा पाठ आणि डोकं मागे टेकवा, पाय तळाशी रोवा. दोघांपैकी जड माणूस ज्या बाजूला बसला असेल, त्याच बाजूला वळण आलं की तो हलक्यावर कलणार, हे आधीच सांगून ठेवा. आणि नाक बाहेर गेलं की खाली बघू नका, रूळ जिकडे वळतोय तिकडे बघा. मानेचे स्नायू त्यामुळे आधीच सावध होतात.