गुग्गुळ : रक्तमेदावरील प्राणिपरीक्षण

गुग्गुळ (कॉमिफोरा वाइटाय, जुन्या ग्रंथांत कॉ. मुकुल) हे राजस्थान, गुजरात व लगतच्या पाकिस्तानातील रुक्ष भागात वाढणारे काटेरी झुडूप. सालीला चिरा पाडल्यावर पाझरणाऱ्या डिंकयुक्त राळेलाही गुग्गुळच म्हणतात. तिचा अर्क रक्तातील मेद उतरवतो का, हे प्राण्यांवर पाहण्याचे पद्धतशीर काम बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सशांवर केले (प्रबंध, 1966).

या कामाची प्रेरणा सुश्रुतसंहिता. या प्राचीन आयुर्वेदग्रंथाच्या सूत्रस्थान या विभागात (अध्याय 15) स्थौल्याच्या (लठ्ठपणाच्या) उपचारात शिलाजित, गोमूत्र, त्रिफळा यांच्या बरोबरीने गुग्गुळ येतो. स्थौल्याच्या त्या वर्णनात मेदाने स्रोतसे (शरीरातील वाहिन्या) अडतात असेही म्हटले आहे, त्यावरून काही अभ्यासक हे रोहिणीकाठिण्याचेच (मेद साचून रोहिण्या कठीण व अरुंद होण्याचेच) वर्णन मानतात. परंतु संहितेचा काळ अनिश्चित असून तिच्यावर नंतरचे संस्करण झालेले आहे. शिवाय संहितेतला मेद हा धातू (आयुर्वेदाने मानलेल्या सात शरीरघटकांपैकी एक) आहे, रक्तातला कोलेस्टेरॉल नव्हे. तेव्हा संहितेने संशोधनाला दिशा दिली, एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित. अथर्ववेदात गुग्गुळाचा उल्लेख येतो तो त्याच्या सुगंधाच्या संदर्भात.

कोलेस्टेरॉल चारून सशाच्या रोहिण्यांत मेद साचवता येतो, हे रशियात अनिच्कोव्ह यांनी 1913 मध्ये दाखवले होते. उंदीर मात्र अशा आहाराला सहसा दाद देत नाही, म्हणून त्याच्या खाद्यात कोलिक आम्लही (एक पित्ताम्ल) मिसळतात. घाईची पद्धत म्हणजे ट्रायटॉन डब्ल्यूआर-1339 हे साबणासारखे रसायन टोचणे : मेदाचे विघटन अडते आणि रक्त यंत्रात वेगाने फिरवून वेगळा केलेला रक्तद्रव दुधासारखा पांढुरका दिसतो. राळ पाण्यात नीट विरघळत नसल्याने अर्क बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात खलून नळीने जठरात सोडतात. तुलनेला एक गट नुसत्या डिंकपाण्यावर, एक स्टॅटिनसारख्या (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या) प्रमाणित औषधावर. उंदराचे बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये (रक्तात मेद वाहणाऱ्या ‘चांगल्या’ कणांत) असते व अशा कणांमध्ये कोलेस्टेरॉलची देवाणघेवाण घडवणारे सीईटीपी हे प्रथिन त्याच्यात नसते. त्यामुळे त्याच्या एकूण कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून माणसाबद्दल अनुमान काढणे धोक्याचे. या बाबतीत ससा व हॅम्स्टर जवळचे.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव व सहकाऱ्यांनी राळेतील गुग्गुलस्टेरॉन ई व झेड या स्टेरॉइड संयुगांची रसायनरचना उलगडली (1972). लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने एथिल अ‍ॅसिटेटमध्ये विरघळणाऱ्या भागापासून ‘गुगुलिपिड’ तयार केले. ते 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतात औषध म्हणून आले. परंपरेने त्रिफळाकाढ्यात शुद्ध केलेला गुग्गुळ आणि हा अर्क एक नव्हेत, हा भेद पुष्कळ लेखांत सुटतो.

2002 मध्ये गुग्गुलस्टेरॉन एफएक्सआर या ग्राहीला (पेशीतील पित्ताम्ले ओळखणाऱ्या प्रथिनाला) रोखते असे दिसले. ही ग्राही नसलेल्या उंदरांत ते देऊनही यकृतातील कोलेस्टेरॉल घटले नाही, म्हणजे परिणाम या ग्राहीमार्फत होत असावा. पुढच्याच वर्षी अमेरिकेत 103 जणांवर झालेल्या गुग्गुळअर्काच्या 8 आठवड्यांच्या चाचणीत एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) उतरण्याऐवजी किंचित चढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. आधीच्या भारतीय चाचण्यांचे निकाल अनुकूल होते. आहार व वंश यांतील फरकाचे कारण पुढे केले जाते. ते पुरेसे वाटत नाही.

खोल चिरांमुळे झाडे मरतात. जागतिक लाल यादीत ही जाती अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे.