स्टर्लिंग किल्ला

स्कॉटलंडमधील फोर्थ नदीकाठचा इतिहासप्रसिद्ध किल्ला. अग्निजन्य खडकाच्या उंच टेकडीवर तो उभा असून तिच्या बहुतेक बाजूंना तुटलेले कडे आहेत. किल्ल्याचा सर्वांत जुना लेखी उल्लेख साधारण १११० च्या सुमाराचा, राजा पहिल्या अलेक्झांडरच्या काळातील चॅपेलसंबंधीचा (छोट्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिरासंबंधीचा) आहे. इंग्लंडविरुद्धच्या स्कॉटिश स्वातंत्र्ययुद्धात ज्यासाठी रक्त सांडले, तो किल्ला मात्र आज दिसत नाही. बॅनकबर्नच्या लढाईनंतर (१३१४) स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याने तो पाडून टाकला. उभ्या बांधकामांपैकी उत्तर दरवाजाचा काही भाग बहुधा १३८१ च्या आसपासचा असावा. बाकी महत्त्वाच्या वास्तू सु. १४९० ते १६०० या काळातील आहेत.

स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याने दर्शनी तट, बुरूज व भव्य सभागृह उभारले. सभागृह १५०३ मध्ये पुरे झाले. त्याची लांबी सु. ४२ मी. असून भिंतीतून पुढे काढलेल्या आखूड तुळयांवर त्याचे लाकडी छत पेलले होते.

पाचव्या जेम्सच्या राजवाड्याच्या (सु. १५३८–४२) शैलीविषयी अभ्यासकांत एकमत नाही. जेम्सच्या दोन्ही राण्या, मॅडलेन व मेरी ऑफ गीझ, फ्रेंच होत्या आणि गीझ घराण्याने फ्रेंच गवंडीही पाठवले. म्हणून ही वास्तू फ्रेंच प्रबोधनशैलीची मानली जाते. बांधकामप्रमुख सर जेम्स हॅमिल्टन ऑफ फिनर्ट याला काहीजण श्रेय देतात, पण १५४० मध्येच त्याला देहदंड झाला. शिवाय बाहेरच्या कोनाड्यांतील ग्रहदेवतांच्या मूर्ती जर्मन मुद्राचित्रांवरून घडवलेल्या दिसतात, तर कोनाड्यांवरच्या कमानींची घडण गॉथिक (मध्ययुगीन यूरोपीय) वळणाची आहे. तेव्हा एकाच देशाचा ठसा शोधण्यापेक्षा, स्थानिक कारागिरांनी अनेक नमुने पचवून ही वास्तू घडवली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. राजाच्या दालनाच्या छतावरील ओक लाकडात कोरलेल्या मुखाकृतींना ‘स्टर्लिंग हेड्स’ म्हणतात. १७७७ मध्ये छत उतरवले, तरी त्यांपैकी तीसहून अधिक टिकल्या.

सहाव्या जेम्सने पुत्र हेन्री याच्या नामकरणासाठी १५९४ मध्ये नवे चॅपेल अवघ्या काही महिन्यांत बांधले. १६०३ मध्ये तो इंग्लंडचाही राजा होऊन दरबार लंडनला गेल्यावर राजेशाही बांधकाम थांबले. अठराव्या शतकाच्या आरंभी तोफांचे मोर्चे वाढले. पुढे सभागृहात मजले घालून सैनिकांच्या बराकी केल्या. १९६४ मध्ये लष्कराने किल्ला सोडला. सभागृहाचे छत नव्याने घडवून भिंतींना पिवळसर चुन्याचा लेप दिला गेला आणि १९९९ मध्ये ते खुले झाले. राजवाड्याची दालने २०११ मध्ये.