कसारा घाट बघायला निघण्याआधी एवढं वाचा

आम्ही नाशिकहून गाड्या भाड्याने देतो. जून लागला की आमच्याकडचे फोन एकाच वाक्याने सुरू होतात. "घाट बघायचाय, रविवारी गाडी आहे का?" गाडी असते. भाडं ठरतं, ॲडव्हान्स येतो, आणि रविवारी सकाळी इगतपुरी गाठली की गाडीत हमखास तोच विषय निघतो: "दादा, आलोच आहोत तर जरा घाट उतरू या ना. थोडंसं खाली जाऊन लगेच वळू."

हे पत्रक खरं तर त्या एका वाक्यासाठी छापलंय. बुकिंगच्या पावतीबरोबर देतो आहोत. घरातल्या सगळ्यांना वाचायला द्या, विशेषतः पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी कोण बसणार असेल त्यांना.

थोडंसं खाली जाऊन वळता येत नाही

कसारा घाटात उतरायचा रस्ता वेगळा आणि चढायचा वेगळा. दोन्ही एकेरी. नाशिककडून एकदा उतरायला लागलात की थेट खाली कसाऱ्याच्या अंगाला पोचायचं, तिथे वळायचं आणि दुसऱ्या रस्त्याने पुन्हा वर यायचं. मधे वळायचं म्हणजे उलट्या दिशेने गाडी घालायची. ते आमचा ड्रायव्हर करणार नाही, तुम्ही कितीही गोड बोललात तरी.

जाऊन-येऊन पंचवीस-तीस किलोमीटर होतात. मोबाईलवरचा नकाशा तासाभराच्या आतलं काहीतरी दाखवतो आणि माणसं भुलतात. पण रविवारी चढताना तुमच्या पुढे मालाने भरलेला ट्रेलर असतो, पहिल्या गिअरमध्ये. त्याला ओव्हरटेक करणारा दुसरा ट्रेलर असतो, तोही पहिल्याच गिअरमध्ये. मागे तुम्ही. खिडकीतून दिसतो तो ट्रेलरचा फाळका आणि त्याच्या धुराने काळा झालेला पाऊस.

गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका सोसायटीचे सतरा जण आले होते. पुढे बसलेले काका म्हणाले, "पंचवीस वर्षं मुंबई-नाशिक केलंय, मला घाट शिकवू नका." आमच्या ड्रायव्हरदादांनी वयाचा मान ठेवला. उतरताना धुकं इतकं, की पुढच्या गाडीचे लाल दिवेसुद्धा जवळ गेल्यावर दिसत. चढताना एका वळणावर कंटेनर बंद पडलेला. क्रेन येईपर्यंत सगळे जागच्या जागी. दोन तास दहा मिनिटं. मागच्या सीटवरच्या आजींना खाली उतरायचं होतं, पण उतरणार कुठे? एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला कठडा, मधून मोटारसायकली. भावलीच्या धबधब्याला पोचायला दीड वाजला, तिथे गाड्यांची रांग दीड किलोमीटर आधीपासून, मग पुऱ्या-भाजी गाडीतच खाल्ली आणि परत. संध्याकाळी काकांचा फोन आला, भावली राहिलं म्हणून भाडं कमी करा. कमी केलं नाही. त्यानंतरच हे पत्रक लिहायला घेतलं.

घाटात गाडी का थांबवत नाही

हाही रोजचा प्रश्न. "दोन मिनिटं थांबा, एक फोटो काढतो." तुमच्या दृष्टीने दोन मिनिटं असतात. तुमच्या मागून जो भरलेला ट्रक उतरत असतो त्याचे ब्रेक वरपासून तापत आलेले असतात. पावसाळ्यातही घाटात ब्रेकचा जळका वास येतो, तो त्यांचाच. वळणापलीकडे कोणीतरी सेल्फीसाठी गाडी उभी केलीय हे त्याला वळण संपल्यावरच कळणार. चढणीला तर आणखी वेगळं. भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलताना हातभर मागे सरकते, आणि तिच्यामागे बंपरला नाक लावून एखादी मोटार उभी असतेच. वर दरडीची बारीक खडी पावसात सुटत असते, ती निराळीच.

म्हणून आमचा नियम साधा आहे. घाटात बंद पडल्याशिवाय आमची गाडी थांबत नाही. कोणाला मळमळत असेल तर घाटाच्या आधी सांगा. आमसूल आणि पिशव्या गाडीत ठेवलेल्या असतात.

स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांनाही एक सांगतो, भाड्याचा संबंध नाही. उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करू नका. ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक वेळेला कामाला राहतो.

मग घाट बघायचा कुठून?

वरून. घाट माथ्यावरून दिसतो, पोटात शिरल्यावर दिसतो तो फक्त रस्ता. इतकी साधी गोष्ट आहे, पण बाराव्या-तेराव्या पावसाळ्यातही ती गाडीत नव्याने समजावून सांगावी लागते.

इगतपुरी ओलांडून घाट सुरू होतो त्या तोंडाशीच घाटनदेवीचं देऊळ आहे. घाटाची राखण करणारी देवी. हायवेवरचे जुने ड्रायव्हर इथे हात जोडल्याशिवाय खाली उतरत नाहीत, आमचेही नाहीत. देवळाच्या मागच्या बाजूला जा. तिकडून दरी उघडते आणि त्रिंगलवाडीचा किल्ला दिसतो. जवळच उंटदरी. पाऊस लागला की तिच्यात पाणी कोसळत असतं.

तिथे पाच मिनिटांत फोटो काढून गाडीत येऊ नका. अर्धा तास द्या. पावसाळ्यात दरीतून ढग वर येतो तो आधी चष्म्यावर बसतो. मग समोरचं सगळं पांढरं. दहा मिनिटं काहीच नाही, आणि माणसं म्हणतात, "चला, काही दिसत नाहीये." तेव्हाच थांबायचं असतं. खालून कुठूनतरी रेल्वेचा भोंगा ऐकू येतो, गाडी दिसत नाही. मग ढगाला एक भोक पडतं, त्यातून हिरवा कडा, कड्यावरून उतरणारी पांढरी रेघ, आणि पुन्हा बंद. ज्याने ते पाहिलं तो पुढच्या वर्षी आमच्याकडे परत येतो, असा अनुभव आहे.

माकडांना वेफर्स देऊ नका. दिलेत तर पुढच्या वेळी ती तुमच्या हातातली पर्सच ओढतात.

या ढगांमागे गणित आहे. अरबी समुद्राकडून आलेलं बाष्प सह्याद्रीच्या भिंतीवर चढतं, थंड होतं आणि माथ्यावरच रितं होतं. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथून जेमतेम ४५ किलोमीटरवर आपलं नाशिक, तिथे ७०० च्या आसपास. म्हणूनच नाशिकच्या द्वारका चौकात कोरडं ऊन असताना ड्रायव्हर फोनवर "छत्र्या घ्या" म्हणतो. तेव्हा त्याच्यावर हसू नका, छत्र्या घ्या.

"समृद्धीने जाऊ, लवकर पोचू"

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून हा नवा प्रश्न आला आहे. मुंबईला काम असेल तर जरूर जा, उत्तम रस्ता आहे. पण तो घाट टाळूनच जातो. इगतपुरीजवळ तो सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यात शिरतो आणि खाली बाहेर पडतो. घाट बघायला जाऊन बोगद्यातले दिवे मोजून यायचे असतील तर टोल तुमच्याकडे.

ज्यांना घाट उतरूनच बघायचाय

त्यांनी रेल्वेने उतरावं. हे आम्ही स्वतः सांगतो, आमचं भाडं थोडं कमी होत असलं तरी.

कसारा-इगतपुरी रेल्वेमार्ग १८६५ मध्ये सुरू झाला. चढ १:३७ चा, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. रेल्वेसाठी हा चढ फार झाला, म्हणून मुंबईकडून येणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. ती गाडीला ढकलत इगतपुरीपर्यंत आणतात आणि तिथे सुटतात. मुंबईची लोकल कसाऱ्यालाच का संपते असं मुलं विचारतात, त्यांना हा चढ दाखवा. २०२३ मध्ये शिर्डीची वंदे भारत सुरू झाली ती मात्र बँकरशिवाय चढते. तिची मोटार डब्याडब्यात वाटलेली आहे.

बोगदा, दरी, पूल, पुन्हा बोगदा. असा घाट रस्त्यावरून दिसत नाही, आणि ट्रेलरही पुढे नसतो. आमची सोय अशी: सकाळी नाशिकरोडला तुम्हाला कसाऱ्याला थांबणाऱ्या गाडीत बसवून देतो. तिकीट तुमचं तुम्ही आधी काढायचं. आमची गाडी रिकामी घाट उतरून कसारा स्टेशनबाहेर उभी राहते, तुम्हाला घेऊन वर येते आणि मग घाटनदेवी, भावली. रिकाम्या फेरीचं डिझेल आम्ही वेगळं लावत नाही. लहान मुलं असतील तर डब्याच्या दारात उभं राहू देऊ नका.

सहा म्हणजे सहा

"नाश्ता करून आठला निघू" म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणत नाही, पण मनात म्हणतो. सहाला निघालं की पाथर्डी फाट्यावरचे पाहुणे घेऊन सव्वासातपर्यंत घाटनदेवीला. साडेनऊपर्यंत भावली. तेव्हा धबधब्याखाली तुम्ही आणि गावातली चार पोरं. अकरानंतर मुंबई-ठाण्याच्या गाड्या येऊ लागतात, आणि मग भावलीचा रस्ता म्हणजे पार्किंगच. नाश्त्याचं म्हणाल तर चहा आणि गरम भजी वाटेत मिळतात, आमचे ड्रायव्हर बरोबर टपरी जाणतात.

पावसाचा जोर वाढला की प्रशासन धबधबे आणि धरणांवर जायला बंदीचा आदेश काढतं. आदल्या रात्री आम्ही चौकशी करतो. बंदी असेल तर भावलीला नेत नाही, "लांबून बघू"सुद्धा नाही. त्याऐवजी घोटीहून त्र्यंबककडच्या रस्त्याला वळतो. तिकडे पहिने बारीची हिरवळ आहे, मात्र तिथेही बंदी असेल तर गाडीतूनच. दोन्हीकडे बंद असेल तर तारीख बदलून देतो, ॲडव्हान्स बुडत नाही.

कळसूबाईही "जाता जाता" करून टाकू असं काही जण म्हणतात. १६४६ मीटरचं शिखर आहे ते, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच. बारी गावातून चढून उतरायलाच दिवस जातो. त्याची ट्रिप वेगळी, दरपत्रक वेगळं.

जुलैमध्ये घोटी-इगतपुरी पट्ट्यात भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू असते. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका, इरली, बैल. सुंदर दिसतं, मान्य. पण फोटोसाठी खाचराच्या बांधावर चार जणांनी उड्या मारल्या की बांध बसतो आणि धरलेलं पाणी निघून जातं. मग शेतकरी आमच्या ड्रायव्हरला बोल लावतो, कारण तुम्ही पुढच्या वर्षी तिथे नसता, आम्ही असतो. परतताना घोटीला इंद्रायणी तांदूळ घ्यायचा असेल तर आधी सांगा, डिकीत जागा ठेवतो.

आमचं प्रामाणिक मत विचाराल तर जुलै-ऑगस्टपेक्षा गणपती उठल्यानंतरचे पंधरा दिवस घ्या. पाऊस थोडा दमलेला असतो, ढग येतात पण अडून बसत नाहीत, उतारांवर सोनकी पिवळी आणि तेरडा गुलाबी झालेला असतो. पितृपक्ष असतो म्हणून लोक टाळतात. टाळतात म्हणूनच त्या पंधरवड्यात आमचं भाडं कमी आहे, आणि मधल्या वारी आणखी कमी. घोटीचा टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता भाड्यातच धरलेला आहे, वर काही मागितलं तर आम्हाला कळवा.

गाडीत बसताना

कोरडे कपडे आणि टॉवेल वेगळ्या पिशवीत. भिजून आलात तर सीटवर टाकायला प्लॅस्टिक देतो, ते न घेता बसू नका. मागच्या वर्षी तीन सीटचे फोम बदलावे लागले, त्याचे पैसे कोणाकडून घेतले नाहीत. यंदा घेऊ. दारू गाडीत नाही. डबा गाडीत खाल्ला तरी चालतो, फक्त लोणचं झाकण घट्ट लावून आणा. वळणावर बरणी कलंडली की तेल थेट सीटच्या शिवणीत जातं आणि तो वास दिवाळीपर्यंत राहतो.