व्हिडीओ डीव्हीडीची क्षमता

एका डीव्हीडीवर कोणत्या दर्जाचे किती मिनिटांचे चित्रण मावते, याचा हिशेब म्हणजे व्हिडीओ डीव्हीडीची क्षमता. डिस्कवरची जागा ठरलेली असते. मिनिटे मात्र बिटरेटवर, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा खर्च होतो यावर, कमी-जास्त होतात. झाडीपट्टीतले रात्रभराचे नाटक, भागवत सप्ताह, हळदीपासून बिदाईपर्यंतचे लग्न अशी लांबलचक कामे हाताळणाऱ्या विदर्भातल्या व्हिडीओवाल्यांचे काम याच हिशेबावर जमते किंवा बिघडते.

साधी, एका थराची डिस्क ४.७ जीबीची असते. दोन थरांची डीएल डिस्क ८.५ जीबीची, तर ८ सेंटिमीटरची छोटी डिस्क १.४ जीबीची. दोन्ही बाजूंनी भरलेली डिस्क मध्येच उलटावी लागते, म्हणून घरगुती कामात ती फारशी येत नाही. वेष्टनावरचे ४.७ जीबी हजाराच्या पटीत मोजलेले असतात. विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, त्यामुळे तीच जागा तिथे ४.३७ जीबी दिसते. संगणकावर ४.५ जीबी दिसणारे फोल्डर कोऱ्या डिस्कवर बसत नाही ते यामुळेच. डिस्क खराब आहे म्हणून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही.

साध्या डिस्कसाठी हिशेब सोपा आहे: ६०० ला मिनिटांनी भागा, आवाजासह एकूण बिटरेट एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला मेगाबिटमध्ये, मिळतो. यात थोडी जागा राखीव धरलेली आहे. दोन तासांना ५, अडीच तासांना ४. डीएल डिस्कसाठी ६०० ऐवजी १०८० धरावेत. व्हिडीओ डीव्हीडीत चित्राची कमाल मर्यादा ९.८ एमबीपीएस असली, तरी राइट केलेल्या डिस्कवर ८ च्या पुढे गेल्यास जुने प्लेअर अडखळतात. त्यामुळे तासाभराच्या कामालाही ८ पुरे.

आवाज किती जागा खातो, याकडे बहुतेकांचे लक्ष नसते. पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज दोन तासांत सुमारे १.४ जीबी घेतो. तोच दाबून १९२ केबीपीएसच्या (सेकंदाला किलोबिट) डॉल्बीत केला तर जेमतेम ०.१७ जीबी लागते. वाचलेली जागा चित्राला मिळते, आणि वरातीतल्या दिव्यांचा झगमगाट, नाचणारी गर्दी अशा हलत्या चित्राला ती लागतेच. बिटरेट ३ च्या खाली गेला की नेमकी अशीच दृश्ये चौकोनी ठिपक्यांत फुटतात.

पाच तासांचे नाटक एका साध्या डिस्कवर कोंबायचे तर वाट्याला फक्त २ एमबीपीएस येतात. अंधाऱ्या रंगमंचावर पात्रांचे चेहरेही ओळखू येत नाहीत. अंक संपेल तिथे तोडून तीन डिस्क कराव्यात, म्हणजे प्रत्येकीला ६ मिळतात. डीएल डिस्क हा दुसरा मार्ग, पण गावातले बरेच जुने प्लेअर ती ओळखत नाहीत, आणि ओळखली तरी थर बदलताना चित्र क्षणभर थांबते. ज्या घरी डिस्क द्यायची तिथल्या प्लेअरवर आधी चालवून पाहिल्याशिवाय डीएलच्या प्रती काढू नयेत.

डिस्क आतल्या कडेपासून बाहेर भरत जाते आणि चुका बाहेरच्या कडेला जास्त होतात. काठोकाठ भरलेल्या डिस्कवर लग्नाची बिदाईच अडकते, कारण ती शेवटी असते. म्हणून संगणकावर ४.२ जीबी दिसेल इतकेच भरावे. राइट करण्याचा वेग ४एक्स किंवा ८एक्स, म्हणजे मूळ वेगाच्या चौपट किंवा आठपट, ठेवावा. ८एक्सला पूर्ण डिस्क साधारण दहा मिनिटांत होते. मध्येच वीज गेली तर डीव्हीडी-आर वाया जाते, ती पुसून पुन्हा वापरता येत नाही. भारनियमनाच्या वेळी संगणक यूपीएसवरच हवा.

एमपी४ फाइल नुसती कॉपी केली तर डेटा डिस्क बनते, व्हिडीओ डीव्हीडी नाही. व्हिडीओ डीव्हीडीला एमपीईजी-२ पद्धतीने दाबलेले चित्र आणि व्हिडीओ_टीएस फोल्डर लागते. त्यातल्या चित्र-आवाजाच्या व्हीओबी फाइली प्रत्येकी १ जीबीच्या आतच तुटतात. त्या तशाच राहू द्याव्यात, नाव बदलू नये.

विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात टिनाच्या पत्र्याखाली ठेवलेल्या डिस्कचा रंगद्रव्याचा थर लवकर खराब होतो. तयार प्रत सावलीत, उभ्या डबीत ठेवावी. वर कागदी लेबल चिकटवू नये, त्याने डिस्क फिरताना तोल जातो. नाव मार्करने लिहावे.