शेळीला न शिवताही

‘आम्ही गोठ्यात पाऊलही टाकत नाही, आम्हाला कुठून होणार जनावरांचा आजार?’ हा समज नेदरलँड्सला महागात पडला. २००७ साली तिथल्या हेर्पेन गावात माणसं ताप आणि न्यूमोनियाने आजारी पडू लागली. अनेकांचा शेळ्यांशी काही संबंध नव्हता. निदान झालं क्यू तापाचं, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणाऱ्या एका जीवाणूजन्य आजाराचं. २०१० पर्यंत देशात ४,०००हून जास्त रुग्णांची नोंद झाली.

जंतूचं नाव कॉक्सिएला बर्नेटी. आसपासच्या मोठ्या फार्मांवर एकेका छपराखाली शेकडो शेळ्या, आणि त्यातल्या गाभण शेळ्या गाभडत होत्या. अशा शेळीच्या वारेत, म्हणजे गर्भाबरोबर बाहेर पडणाऱ्या आवरणात, एका ग्रॅमला अब्जावधी जंतू असू शकतात. ती वार पेंढ्यात मिसळते, वाळते आणि खत उपसताना धूळ होऊन उडते.

खरी गोष्ट या धुळीची आहे. पिठाच्या गिरणीत पाहा: भरड कण खाली पडतो, बारीक पीठ छताच्या जळमटांवर जाऊन बसतं. कण दहापट बारीक झाला की वजन हजारपट घटतं, हवेचा अडथळा मात्र दहापटच. म्हणून तो शंभरपट हळू उतरतो. १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण शांत हवेत एक मीटर खाली यायला पाचेक मिनिटं घेतो, १ मायक्रॉनचा सुमारे आठ तास! तेवढ्या वेळात वारा त्याला कुठल्या कुठे नेतो.

बहुतेक जीवाणू या प्रवासात वाळून मरतात. कॉक्सिएला मात्र पेशीबाहेर अतिशय चिवट, बारीक रूप घेऊन निपचित पडून राहतो. श्वासातून फुफ्फुसात गेला की आपल्या भक्षक पेशी त्याला गिळतात, पचवायला आम्ल सोडतात, आणि त्या आम्लानेच तो जागा होऊन वाढू लागतो. लागण व्हायला दहाच्या आत जंतूही पुरतात.

आपल्याकडे डेंग्यूत प्लेटलेट वाढवायला शेळीचं कच्चं दूध प्यायला सांगतात. त्याला ठोस पुरावा नाही, आणि हा जंतू दुधातही उतरतो. दूध तापवूनच प्या.

डच सरकारने अखेर शेळ्यांना लस सक्तीची केली आणि लागण झालेल्या फार्मांवरच्या ५०,०००हून अधिक शेळ्या मारल्या. साथ ओसरली. काही रुग्णांच्या हृदयाच्या झडपांत मात्र तो जंतू पुढेही तग धरून राहिला.